सोपानरावांचं अर्धं डोकं

लोणावळ्याच्या बाजारात टोप्यांचं दुकान चालवायचं आणि स्वतः मात्र डोक्यावर टोपी घालायची नाही, असा एकच माणूस मी पाहिला. सोपानराव केदारी. दुकानात पांढऱ्या टोप्या, काळ्या टोप्या, लोकरीच्या कानटोप्या, मुंबईच्या पाहुण्यांसाठी वेताच्या रुंद हॅटी टांगलेल्या असायच्या आणि या सगळ्यांच्या मधोमध सोपानरावांचं उघडं, गुळगुळीत डोकं. गिऱ्हाइकानं टोपी चढवली की ते आरसा पुढं करायचे. एखादं वात्रट गिऱ्हाईक म्हणायचं, "आरसा कशाला? तुम्हीच जरा वाका की." आणि सोपानराव खरोखर वाकायचे.

मी तेव्हा तिथल्या शाळेत मास्तर होतो आणि त्यांच्या दुकानावरच्या खोलीत राहायचो. खोलीत जायचा जिना दुकानातूनच होता. त्यामुळे जाता येता सोपानरावांच्या डोक्याची ताजी खबर घेतल्याशिवाय मला वर चढता यायचं नाही.

टक्कल या शब्दाला त्यांची हरकत नव्हती. फक्त त्यात नेमकेपणा नाही, अशी तक्रार होती.

"मास्तर, टक्कल म्हंजे काय? कुटनं कुटवर, ते सांगाया पायजे." असं म्हणून ते कपाळावर बोट ठेवायचे. "ह्यो खंडाळा. हितनं गाडी सुटली की लोनावळा, मळवली, पार कामशेतपत्तुर मोकळं रान. वडगावला जरा खुरटी झुडपं. तळेगावला मातुर दाट. आन ह्या कानामागं बेगडेवाडी. तितं अजून काळं हाय, बघा!"

पुण्याकडच्या रेल्वे स्टेशनांची ही भाषा बाजारानं उचलली होती. समोरचा मारुती न्हावी वस्तरा परजत विचारायचा, "सोपानभाऊ, आज तळेगाव बारीक करू का?"

घरात माणसं दोनच. दुकानाच्या मागच्या अंगाला पडदा होता, पडद्याआड शिवणयंत्र आणि यंत्रावर त्यांची मुलगी सुमन. आई ती लहान असतानाच गेलेली. सुमन विशीतली, मोजकं बोलणारी. टोप्या तीच शिवायची. वडिलांच्या प्रयोगांबद्दल मत विचारलं तर यंत्राचं चाक जोरात फिरवायची.

आणि प्रयोग तर दोन वर्षं अखंड चालू होते. जास्वंदीचा लेप झाला, करंजाचं तेल झालं. मग कांद्याचा रस. त्या महिन्यात पडद्याआडून सुमन एकदाच बोलली, "आबा, लोकं भज्यांचं दुकान समजून आत येत्यात." राजमाचीकडच्या एका म्हाताऱ्यानं कसलंसं मूळ उगाळून दिलं. ते लावल्यावर लोणावळा ते कामशेत सगळा मार्ग लालबुंद होऊन सुजला.

त्या सुजलेल्या अवस्थेतच डॉक्टर रेगे दुकानात आले. मुंबईचे त्वचेचे डॉक्टर. तुंगार्लीच्या बाजूला त्यांचा छोटा बंगला होता, सुट्टीला यायचे. आले होते कानटोपी घ्यायला, पण नजर सोपानरावांच्या डोक्यावर खिळली.

"हे काय लावलंय? आग होत नाही?"

"व्हतीय की," सोपानराव खुशीत म्हणाले. "म्हंजे काम चालू हाय."

डॉक्टर हसले आणि बोलता बोलता त्यांच्या तोंडून ती गोष्ट निघून गेली. रक्तदाबाचं एक नवं औषध परदेशात रोग्यांना देत होते. रक्तदाब उतरला, पण त्या रोग्यांना भलत्याच ठिकाणी केस फुटायला लागले. कपाळावर, हातांवर, कुठंही. आता काही डॉक्टर तेच औषध पातळ करून टकलावर लावून बघत होते. बाजारात अजून काही आलेलं नव्हतं, नुसत्या चाचण्या चालल्या होत्या. डॉक्टरांच्या इस्पितळातही थोडं आलं होतं.

सोपानरावांच्या हातातली टोपी खाली पडली. मी जिन्यातच थबकलो होतो.

"डाक्टर, माझं डोकं घ्या," ते म्हणाले. "लय मोकळं हाय."

डॉक्टर लगेच तयार झाले नाहीत. औषध मुळात हृदयावर, रक्तवाहिन्यांवर काम करणारं. छाती धडधडू शकते, पाय सुजू शकतात, चक्कर येऊ शकते. केस येतीलच असं नाही, आले तरी टिकतील असं नाही. पुढं काय होतं ते कुणालाच ठाऊक नाही. हे सगळं त्यांनी सावकाश, दोनदा समजावलं. सोपानराव मान डोलवत होते, पण त्यांचे कान 'केस फुटले' या दोन शब्दांपाशीच उभे होते, हे मला वरून दिसत होतं.

शेवटी मुंबईला नेऊन त्यांचं हृदय तपासलं, रक्तदाब पाहिला, सही घेतली. बाटली घेऊन सोपानराव गाडीतून उतरले ते नवरदेवासारखे.

औषध अर्ध्याच डोक्याला लावायचं, उरलेलं अर्धं तुलनेला कोरडं ठेवायचं, असं ठरलं होतं. सुमनच्या कापड आखायच्या खडूनं सोपानरावांनी डोक्यावर खंडाळ्यापासून तळेगावपर्यंत सरळ रेघ ओढून घेतली. रेघेच्या डावीकडं औषध, उजवीकडं काही नाही. ही रेघ रोज सकाळी नव्यानं ओढली जायची. लोणावळ्याच्या पावसात औषध धुऊन जाऊ नये म्हणून ते छत्री डावीकडं इतकी कलती धरायचे की उजवा खांदा ओलाचिंब. समोरून येणाऱ्यालाही डावीकडून जाऊ द्यायचे नाहीत. "तिकडनं या, तिकडनं. हितं काम चाललंय."

"पण सोपानराव," मी एकदा विचारलं, "औषध लागू पडलं तर तुमच्या टोप्या कोण घेणार?"

"केसवाल्याला थंडी वाजत न्हाई व्हय, मास्तर?"

बाजारात दोन पक्ष पडले. चिक्कीवाले शांतिभाई औषधाच्या बाजूचे, त्यांचं स्वतःचं डोकं मळवलीपर्यंत साफ झालेलं. मारुती न्हावी विरुद्ध. "इंग्रजी औषध ते. केस येतील पण निळे येतील," असं तो सांगत फिरायचा. रोज सकाळी पाचसहा माणसं दुकानासमोर जमायची. सोपानराव स्टुलावर बसून डोकं उजेडाकडं करायचे. "बोट लावा, लाजू नका. पर डाव्या अंगाला हळू."

पावसाळा सरत आला तरी काही नाही. लोकांचा उत्साह ओसरला, सोपानरावांचा नाही. "औषध हाय ते, जादू न्हाई," ते म्हणायचे.

आणि एका सकाळी खालून अशी आरोळी आली की मी तोंडाला साबण तसाच ठेवून जिना उतरलो. सोपानराव रस्त्यात उभे होते. शेजारचा घड्याळजी डोळ्याला आपलं भिंग लावून त्यांच्या डोक्यावर ओणवा झाला होता. सगळे श्वास रोखून.

"आहे," घड्याळजी म्हणाला. "लव आहे. डावीकडंच आहे!"

मग जी झुंबड उडाली! भिंग हातोहात फिरलं. मीही पाहिलं. खडूच्या रेघेच्या डावीकडं, कालपर्यंत जिथं आरसा होता तिथं, नवजात बाळाच्या असते तशी मऊ, भुरी लव होती. उजवीकडं काही नाही. शांतिभाईंनी चिक्कीचा ट्रे बाहेर आणून वाटायला घेतला. मारुती न्हाव्यानं पाहिलं, पुन्हा पाहिलं आणि खुर्चीतलं अर्ध्या दाढीचं गिऱ्हाईक सोडून घोषणा केली, "निळे न्हाईत!" कुणीतरी ओरडलं, "अरे, कपाळावर पण आहे!" खरंच, औषध ओघळून गेलं होतं तिथं कपाळावर आणि डाव्या गालावर कानापाशीही लव आली होती.

"गाडी खंडाळा सोडून घाटात उतरली!" सोपानराव म्हणाले आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, किती हौस या माणसाला!

त्या रविवारी डॉक्टरांना दाखवायला ते निघाले, मला बरोबर घेऊन. तुंगार्लीचा चढ काही फार नाही, पण सोपानराव सारखे थांबत होते. "मास्तर, हितनं डोंगर काय झ्याक दिसतोय!" डोंगरावर सगळं धुकं होतं. एका ठिकाणी ते दगडावर बसले तेव्हा मला त्यांची पावलं दिसली. फुगलेली, चपलेचे पट्टे मांसात रुतलेले.

"हे कधीपासून?"

"डाक्टरला बोलू नका," ते घाईनं म्हणाले. "बंद करतील त्ये. अजून थोडं बघायचंय मला."

डॉक्टर तर हरखूनच गेले. त्यांनी कॅमेरा आणला, समोरून, मागून, बाजूनं फोटो काढले. आमच्या पुढ्यात चहा आला. सोपानरावांनी कप उचलला नाही. त्यांनी विचारलं, "डाक्टर, ह्ये बाईमानसाला चालंल का?"

डॉक्टरांचा चेहरा गंभीर झाला. बायकांचेही केस असे वंशपरंपरेनं विरळ होतात, ते म्हणाले, पण बायकांवर हे अजून त्यांनी कुणी तपासलेलं पाहिलं नव्हतं. "वय काय?"

"इशीतली हाय. लगीन व्हायचंय."

"मग मुळीच नाही. पुढं मूल व्हायचं, त्यावर काय परिणाम होईल कुणास ठाऊक. शिवाय केस नको तिथंही येतात. गालावर, कपाळावर."

सोपानरावांचा हात आपल्या डाव्या गालाकडं गेला. ज्या लवेसाठी सगळा बाजार नाचला होता तीवर त्यांनी बोट फिरवलं. "ह्ये असं?"

"असंच."

मग मी न राहवून पायांचं सांगितलं. डॉक्टरांनी नळी लावून छाती ऐकली, रक्तदाब घेतला, आणि औषध त्याच क्षणी बंद असं सुनावलं. रागावलेही खूप. सोपानरावांनी एका शब्दानंही वाद घातला नाही. त्याचंच मला नवल वाटलं.

उतरताना ते रस्त्याकडेच्या मोरीच्या कठड्यावर बसले.

"रातीला छाती अशी वाजायची, मास्तर, का सुमीच्या यंत्रागत," ते म्हणाले. "तरी म्हनलं, माझ्यावर काय व्हतंय त्ये समदं हून जाऊ दे. मग तिला द्यायला भ्या न्हाई."

"सुमनला?"

"भांगातनं केस गेल्यात तिचं. दोन वरसं झाली. दोन ठिकानची मानसं बघून गेली. एकीनं तर तोंडावर इचारलं, पोरगी आजारी हुती का म्हून." त्यांनी वाकून चपलेचे पट्टे सैल केले. "माझ्या टकलाचं मला काय वो? टोपीवाल्याच्या डोक्याकडं कोन बघतंय. माझ्या बापाचं डोकं असंच, माझं असंच. तिला दुसरं काय देता आलं न्हाई, ह्ये मातुर दिलं."

दोन वर्षांतली जास्वंद, करंज, कांदा, ते आग लावणारं मूळ, सगळं माझ्या डोळ्यांपुढून गेलं. प्रत्येक वेळी आधी त्यांचं डोकं.

दुकानात शिरताच सोपानरावांनी यंत्रापाशी जाऊन सांगून टाकलं, "सुमे, त्ये औषध काय खरं न्हाई."

यंत्र थांबलं. "मला ठावं हाय आबा, कुनासाठी चाललं हुतं ते."

"तुला कुनी सांगितलं?"

"सांगाया कशाला पायजे? तुमी कधी सोताच्या डोक्याकडं आरशात बघितलंय? बघायचा ते माज्या भांगाकडं. आन चपलेत तुमचं पाय मावत न्हाईत, ते दिसत न्हाई व्हय मला?" तिचा आवाज चढला, मग एकदम खाली आला. "मला केस नसलं तरी चालंल. तुमी पायजे."

एवढं बोलून तिनं पुन्हा यंत्र सुरू केलं. एवढं लांब बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं.

दिवाळीनंतर ती लव हळूहळू झडली. बाजार हळहळला. शांतिभाई तर दोन दिवस उदास होते. सोपानराव मात्र विचारणाऱ्याला मोकळेपणानं सांगायचे, "गाडी रद्द झाली. पाय उतरलं, छाती शांत हाय, आजून काय पायजे?" डॉक्टर रेगे लोणावळ्याला आले की आधी दुकानात येऊन त्यांची नाडी बघायचे, मगच बंगल्यावर जायचे. पुढं काही वर्षांनी सुमनचं लग्न झालं, वडिवळ्याच्या एका शेतकरी घरात. मुलगा दुकानात कानटोपी घ्यायला म्हणून आला होता, आणि मग उन्हाळ्यातही कानटोप्या घ्यायला यायला लागला.

पण सोपानराव म्हटलं की मला आठवते औषध बंद झालं त्याच वर्षीच्या थंडीतली एक सकाळ. दुकान उघडायचं होतं. मी शाळेसाठी जिना उतरत होतो. पडदा सरकलेला होता. सुमन पाटावर पाठमोरी बसली होती आणि मागं स्टुलावर सोपानराव. तेलाची वाटी शेजारी. आई गेल्यापासून तिची वेणी तेच घालत आले होते, हे मला तेव्हा कळलं. ओठ घट्ट मिटून ते कंगव्यानं भांग काढत होते. मधला नाही, जरा तिरपा, डाव्या कानाच्या वरून. काढला, मान मागं घेऊन पाहिला, मनासारखा झाला नाही म्हणून मोडला, पुन्हा काढला. तिसऱ्यांदा केस विरळ जागेवर नीट बसले.

"हं," ते म्हणाले, "आता बघ बरं."

सुमननं हातातला आरसा वर धरला. पण ती भांगाकडं पाहत नव्हती. आरसा तिनं थोडा कलता केला आणि मागं वाकलेल्या वडिलांचा चेहरा बघत राहिली.

मी आवाज न करता दोन पायऱ्या वर जाऊन थांबलो. त्या दिवशी शाळेत उशीर झाला.