ओटीवरचे डेपोटी

थांबा, हातातलं काम खाली ठेवा आणि हे आधी ऐका! उद्या सकाळी हिरा पुण्याला निघाली की मला रडू फुटणार, आणि मग माझ्याच्यानं धड काही सांगणं होणार नाही. म्हणून आत्ताच सांगतेय.

आमच्या शेजारच्या काशीनानांच्या घरी शाळा आहे. ओटीवरच भरते. विद्यार्थिनी एकच, त्यांची मुलगी हिरा. तीच वर्गात पहिली आणि तीच शेवटची. हेडमास्तर काशीनाना, पाणी भरणारा शिपाई काशीनाना, आणि महिनाअखेरीला शाळा तपासायला जे डेपोटी येतात ना, तेही काशीनानाच!

डेपोटी म्हणजे शाळा तपासणारे सरकारी साहेब. ते यायचे म्हटले की गावातल्या आमच्या सरकारी शाळेत आदल्या दिवशी शेणसारवण व्हायचं आणि मास्तरांचा आवाज एकदम गोड व्हायचा. नाना म्हणाले, सरकारी शाळेला डेपोटी आणि आमच्या शाळेला नाही? का म्हणून? त्यांनी हेडमास्तरांना मागच्या दारानं विहिरीकडे पाठवलं, आणि पुढच्या दारातून लग्नातला काळा कोट आणि पागोटं घातलेले डेपोटी आत आले. हिरानं उठून नमस्कार केला. डेपोटींनी विचारलं, "आपले हेडमास्तर कोठे आहेत?" ती म्हणाली, "बाहेर गेलेत, साहेब." डेपोटी म्हणाले, "कामचुकार दिसतात."

मी तिथेच बसले होते. हसून हसून पोट दुखलं माझं. पण ते दोघं? तोंडाची रेष हलेल तर शपथ!

हे सगळं मोरव्याला, ठाण्याकडच्या खाडीकाठच्या आमच्या गावात. माझे वडील स्टेशनात तिकीटबाबू, आमचं बिऱ्हाड नानांच्या कुडाला, म्हणजे कुंपणाला, लागून. नाना काही मोठे शिकलेले नाहीत. मराठी पाच इयत्ता झाल्या, मग त्यांच्या वडिलांनी त्यांना मिठागरावर नेलं. आता मिठागर त्यांचंच आहे, थोडी भातशेती आहे, खाऊनपिऊन सुखी. हिरा रांगत होती तेव्हाच तिची आई गेली. घरात नाना, हिरा आणि नानांची थोरली बहीण भागाआत्या. भागाआत्याला या डेपोटी प्रकरणाचा भारी राग. "साहेबांना चहा द्या" म्हटलं की ती आतून ओरडायची, "कंचा साहेब? याच साहेबानं सकाली चार भाकऱ्या खाल्ल्यान!"

पण चहा यायचा. चांगल्या कपातून यायचा.

आता तुम्ही म्हणाल, गावात शाळा असताना हे खूळ कशाला? तर ऐका. हिरा आधी माझ्याबरोबर लोकल बोर्डाच्या शाळेतच होती. एक खोली, एक मास्तर आणि सगळ्या इयत्ता. एका कोपऱ्यात पाढे, दुसऱ्यात कविता, तिसऱ्यात मारामारी. मास्तर बिचारे वाईट नव्हते, पण कुणाकुणाकडे बघणार? आणि हिराला प्रश्न फार. एकदा तिनं विचारलं, "गुरुजी, भरती रोज वेगळ्या वेळेला का येते?" मास्तर म्हणाले, "ती तिची बघून घेईल. तू तेराचा म्हण."

नानांना हे कळलं आणि त्यांनी हिराचं नाव काढलं. म्हणाले, फी भरून चांगल्या शाळेत घालतो. मग तिला उत्तनकडच्या मिशनच्या शाळेत घातलं. तिथेच पाली गावातल्या लुसीच्या घरी राहायची आणि लुसीबरोबर जायची. लुसीचे वडील मासेमारी करतात, नानांकडून मीठ नेतात, घरोब्यातले. शाळा एकदम झकास! बाकं, नकाशे, ड्रिल, बाजाची पेटी, सगळं इंग्रजीत. लुसी तिथे मजेत शिकली, आजही फाडफाड बोलते. पण हिरा? प्रश्न इंग्रजीत विचारायचा आणि प्रश्न मनात इंग्रजीत होईपर्यंत विसरून जायचा. सुट्टीला घरी आली ती गप्पच. भागाआत्या म्हणाली, "बरं झाला, वलन लागला पोरीला." नाना दोन दिवस तिच्याकडे बघत राहिले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "पोर काय इचारीत न्हाय. पोर आजारी हाय."

आणि ओटीवर शाळा सुरू झाली. नाना तिला शाळाही म्हणत नाहीत, 'संस्था' म्हणतात. मी चप्पल घालून वर आले की, "आमच्या संस्थेत असा चालत न्हाय!" हिरानं उत्तर पाठ करून घडाघडा म्हटलं की, "आमच्या संस्थेत असा चालत न्हाय, समजला काय ते सांग!"

मी दुपारी आमची शाळा सुटली की तिथेच जायचे. अहो, काय मजा असायची! मिठाचा हंगाम संपला की वाळलेल्या मिठागरात नाना काठीनं अख्खा मुंबई इलाखा काढायचे. मग आम्ही त्यावरून चालायचं. ठाण्याहून पुण्याला निघालं की मध्येच ओरडायचे, "घाट आला! दम लागू दे!" धापा टाकल्याशिवाय पुढे जायला परवानगी नाही. एकदा भागाआत्या डोक्यावर हंडा घेऊन सरळ नाशिकमधून चालत गेली. नाना केवढ्यानं ओरडले, "बाय, गोदावरीत पाय घातलास!" ती म्हणाली, "मंग पानी इथूनच भरते ना!"

आणि तो भरतीचा प्रश्न. नाना म्हणाले, "मना पन म्हाइत न्हाय. दोगा मिलून बगू." म्हणजे मास्तरच म्हणतात मला माहीत नाही! मी तर चाटच पडले. बापलेक रोज खाडीच्या बांधावर जाऊन भरती केव्हा लागते ते बघायचे आणि चंद्र कुठे आहे तेही बघायचे. हिराला जे उमगलं ना, ते आमच्या वर्गात कुणाला सात जन्मांत उमगलं नसतं.

पण सगळंच काही चांगलं नव्हतं हं. खेळाचा तास असला की दोघांत खो-खो. एक बसणार, एक पळणार, आणि खो द्यायला तिसरं कुणीच नाही! नाना धोतर खोचून नारळाच्या झाडाला खो द्यायचे आणि "ऊठ, ऊठ" म्हणून झाडावर खेकसायचे. मी आले की हिराचा चेहरा असा फुलायचा की काय सांगू. आमच्या शाळेत शिकवणं यथातथा, पण खेळायला पोरं मोप. ते नानांच्या संस्थेत नव्हतं, आणि नानांना ते कळत होतं. मला उशीर झाला की कुडाशी येऊन वडिलांना विचारायचे, "तुमची पोर आज येनार न्हाय काय?"

आणि इतिहास! नाना इतिहासात एक बाजू धरायचे. आपल्याकडचा जिंकला तर धडा दोन-दोन दिवस चालायचा. हरला तर पुस्तक मिटायचे. पानिपत आलं की, "आज नको. उद्या." तो उद्या कधी उजाडलाच नाही. शेवटी परीक्षा जवळ आली तेव्हा मला बोलावलं. म्हणाले, "तुमच्या शालेत शिकवलाय ना? मंग तू शिकव. मी मिठागरावर जाऊन येतो." मी हिराला पानिपत शिकवलं आणि नाना उन्हात बांधावर आमच्याकडे पाठ करून उभे. संपल्यावर येऊन विचारतात काय, "झाला काय? लई मानसं गेली?"

परीक्षा म्हणजे व्हर्नाक्युलर फायनल. मराठी सातवी. ती पास झालं की मास्तर होता येतं, आणि पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात गेलं तर पक्की मास्तरीण. मी शाळेतून बसले, हिरा बाहेरून. ठाण्याला गेलो. गावात सगळे टपलेले, ओटीवरची पोर आपटते कशी ते बघायला. आणि निकाल लागला! मी काठावर पास. हिरा, अहो, केंद्रात सगळ्यांच्या वर! नानांनी अख्ख्या मोरव्याला पेढे वाटले. पहिला पेढा बोर्डाच्या मास्तरांना. मास्तर म्हणाले, "जिंकलात, नाना." नाना म्हणाले, "पानिपत तुमच्या शालेनं शिकवलाय. खा."

आता सगळ्यांना वाटलं, हिरा पुण्याला जाणार. पण नाना मनाशी ठरवून बसलेले. "आता संस्थेत नवीन नेमणूक," म्हणाले. "हिराबाई, असिस्टंट मास्तरीण." भागाआत्यानं विचारलं, "आनि शिकनार कोन? मी?" नाना गेले आणि नवी खुर्ची घेऊन आले. वेताची. ओटीवर स्वतःच्या खुर्चीशेजारी मांडली आणि दोन्ही एका रेषेत आहेत ना ते उकिडवं बसून बघितलं.

हिरानं मला विहिरीवर सांगितलं, "मना जायचंय ग." मी म्हटलं, मग सांग ना! तर म्हणते, "बापूस एकटा पडंल. कसा सांगू?" पुण्याला जाऊन नाव घालायची मुदत जवळ आली. मीच सांगते म्हटलं तर तिनं मला शपथ घातली. माझी जीभ नुसती वळवळत होती, विचारू नका!

आणि मग महिनाअखेर आली. परवा.

मला वाटलं, परीक्षा झाली, आता कसलं इन्स्पेक्शन? पण हेडमास्तर मागच्या दारानं गेले आणि डेपोटी पुढच्या दारानं आले. मी नेहमीसारखी कोपऱ्यात. आता एक सांगायचं राहिलंच. या इन्स्पेक्शनमध्ये शेवटी एक प्रश्न असतो, "हेडमास्तरांविषयी काही तक्रार?" आणि हिरा खरोखरच तक्रार करते! 'हेडमास्तर तपकीर ओढतात, पाटीवर सांडते.' दुसऱ्या दिवसापासून तपकीर बंद. 'हेडमास्तर आईचं नाव काढलं की उठून जातात.' त्यानंतर एक दिवस नाना आपण होऊन तिच्या आईच्या गोष्टी सांगत बसले. दिवेलागण झाली तरी उठले नाहीत. घरी मात्र कधी कुणी कुणाला त्या तक्रारीबद्दल अक्षर बोललेलं नाही. बोलणारी विद्यार्थिनी, ऐकणारे डेपोटी. हेडमास्तर तर विहिरीवर!

तर परवा डेपोटींनी विचारलं, "हेडमास्तरांविषयी काही तक्रार?"

हिरा उभी राहिली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

"तक्रार नाही, साहेब. अर्ज आहे."

"बोला."

"मला पुण्याला ट्रेनिंगला जायचंय. पण हेडमास्तरांना सांगू नका. ते एकटे पडतील."

आत भागाआत्याच्या बशीचा आवाज थांबला. डेपोटींचं पागोटं जरा कलंडलं होतं, ते त्यांनी सरळ केलं. पुन्हा केलं.

"मंग येवडे दिस बोलली का न्हाईस?" ते म्हणाले. मग घसा खाकरला. "म्हणजे... आपण पूर्वीच कळवावयास हवे होते."

"भीती वाटली, साहेब."

"हेडमास्तर मारतात?"

"नाही. कधीच नाही. म्हणूनच."

डेपोटी खुर्चीवरून उठले. मग म्हणाले, "बसा. आम्ही हेडमास्तरांशी बोलू." आणि चहा तसाच ठेवून पुढच्या दारानं निघून गेले. नेहमी आतल्या खोलीत जाऊन कोट उतरवतात. परवा कोट घालूनच खाडीच्या बाजूला चालत गेले. लोक बघत होते.

काल सकाळी नाना ओटीवर आले आणि हिराकडे न बघता म्हणाले, "वरून हुकूम आलाय. तुमची निवड पुण्याला झालीय. संस्थेला नाइलाज हाय." हिरा त्यांच्या पायाशी बसली ती उठेचना. ते आपले तिच्या डोक्यावर थोपटताहेत आणि म्हणताहेत, "आमच्या संस्थेत असा चालत न्हाय, उठा."

आज दुपारी नाना आमच्याकडे आले. आमच्या ओटीवर ते आजवर कधी टेकले नव्हते, नेहमी कुडापलीकडून बोलणार. आज बसले. वडिलांना विचारलं, "पुण्याला मासली मिलते काय हो?" वडील म्हणाले, "मिळत असेल, पण ताजी नाही." मग सुकट दिली तर बोर्डिंगात चालेल का, वासावरून पोरी नावं ठेवतील का, तिथे थंडी केवढी, सगळं विचारून झालं. आई म्हणाली, "अहो, पत्र येईल की तिचं दर आठवड्याला. सगळं लिहील ती."

"मना लिवील?" नाना हसले. "मना ती 'सर्व खुशाल' लिवील, वैनी. पोर मना काय सांगत न्हाय. जे काय सांगायचा ते डेपोटीला सांगते." त्यांनी गुडघ्यावरून हात फिरवला. "आता त्या डेपोटीला पुण्याच्या कालेजात आत कोन घेनार?"

आई चहा टाकायला आत गेली आणि वडील त्यांच्या शेजारी सरकून बसले.

मला सांगा, तुमच्याही घरी असंच आहे का हो? अगदी रोज समोर बसणाऱ्या माणसाला एखादी गोष्ट सांगायची, तर आधी त्याला दुसराच कुणी करावं लागलं, असं तुमचं कधी झालंय?