हिरूकाकीची दुखणी

आमच्या गावात हिरूकाकीइतकी आजारी बाई दुसरी नाही आणि तिच्याइतकी ठणठणीतही नाही. डोक्यावर हंडा, काखेत कळशी घेऊन ती विहिरीचा चढ चढते आणि वाटेत कोणी भेटलं की त्या ओझ्यासकट उभी राहून आपलं पित्त सविस्तर सांगते. ऐकणारा थकतो, हंडा हलत नाही. "बरी आहेस ना काकी?" असं तिला चुकूनही विचारू नये. आम्ही गावकरी विचारत नाही, पण नव्या सुना हमखास फसतात आणि त्यांच्या चुलीवरची आमटी करपते.

दुखण्यांना ती पाहुण्यांसारखी वागवते. "आज संधिवात आलाय. चक्कर काल गेली, पन परत येनार हाय." एका लग्नात तिने वरमाईला अक्षता पडायच्या आधीच मूतखड्याबद्दल विचारलं होतं. वसई ते भिवंडी सगळी इस्पितळं तिला पाठ. कुठल्या डॉक्टरला काय कळतं यात तिला रस नाही. कुठलं बाकडं रुंद, कुठला पंखा खरोखर फिरतो, कुठे केसपेपरच्या खिडकीत माणूस वेळेवर बसतो, हे तिला विचारावं. "मानसाला दुखनं पायजेच," हे तिचं पालुपद. "दुखनं नसलं की मानूस बाकीच्यांच्या घरात डोकावतो."

कामणच्या पुढे, भिवंडी रस्त्यापासून आत आमचं गाव. काकी आमच्या शेजारची. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. ती आमची नात्याने कोणी लागत नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण या बाईवर मी वर्षभर जळत होतो.

त्याचं कारण माझा धाकटा भाऊ नरेश. तो कामणच्या गोदामात माल चढवायचा. पाठ धरली तेव्हा कोणीतरी त्याला पावडर दिली, अंगदुखी जाते म्हणून. अंगदुखी गेली, नरेशही गेला. म्हणजे घरात होता, पण नसल्यासारखा. आईने भगताकडून अंगारा आणला. मी त्याला एका खासगी केंद्रात ठेवलं, तिथे दाराला बाहेरून कुलूप. कुलूप निघालं त्याच आठवड्यात हा पुन्हा गोदामामागे. शेवटी शहरातल्या सरकारी इस्पितळात कळलं की यावर गोळी मिळते. जिभेखाली ठेवायची, रोज, नर्सच्या समोर. डॉक्टरांनी बजावलं होतं, मध्येच सोडू नका. गोळी सोडली आणि हा पुन्हा पावडरीकडे वळला, तर अंगाला सवय राहिलेली नसते, एका खेपेत जीव जाऊ शकतो.

ऐकायला सोपं. पण ती खोली फक्त सकाळी उघडते आणि दारावर 'व्यसन' हा शब्द मावेल एवढी मोठी पाटी. एसटीने गेलं तर आमच्याकडून गाडी बदलून जायचं. गावातलं कोणी ना कोणी त्या इस्पितळात असतंच, कोणाची सून अडलेली, कोणाचा बाप सलाईनवर. नाक्यावरच्या चहावाल्याने नरेशला विचारलं, "काय रे, रोज सकाली कुठं?" दुसऱ्या दिवसापासून नरेश गेला नाही. घरात आईचं वेगळंच. "एक नशा सोडून दुसरी धरायची, ती पन सरकारी?"

मी म्हटलं, मी नेतो. वालीवला प्लास्टिकचे डबे बनवणाऱ्या कारखान्यात मी सुपरवायझर आहे, शिफ्ट बदलून घेतली असती. नरेश भिंतीकडे तोंड करून झोपला.

त्याच आठवड्यात हिरूकाकी आमच्या अंगणात उभी राहिली आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "नऱ्या, मना दवाखान्यात ने. रोज न्यायला लागंल, सकालचंच. डाक्टरनी सुई लावलीय."

कुठल्याही डॉक्टरने तिला कसलीही सुई लावलेली नव्हती. तिने नरेशला इस्पितळात त्या पाटीखालून परत फिरताना बघितलं होतं, एवढंच. आईला ती हळूच म्हणाली, "माजी बीपीची गोली कदी सुटली का गो? मग त्याच्याच गोलीवर कशाला डोले?" आईला ते पटलं. मी इतके दिवस समजावत होतो तेव्हा पटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी नरेशने बाईक काढायची, मागे काकी, मांडीवर रिपोर्टांची पिशवी. चहावाला म्हणायचा, "म्हातारीचं काय खरं नाय. पोरगा चांगला हाय बाबा, सख्खा पोरगा नेनार नाय." मला बरं वाटायला हवं होतं. मी आतल्या आत खदखदत होतो.

कारण नरेश बोलायला लागला होता, तिच्याशी. गोळी विरघळेपर्यंत तोंड उघडायचं नसतं. तेवढा वेळ तो बाकड्यावर तिच्या शेजारी ओठ मिटून बसायचा आणि ती त्याला आपली मूळव्याध ऐकवायची. असा श्रोता तिला जन्मात मिळाला नव्हता. मग येताना दोघं वडापाव खायचे आणि त्याचं तोंड सुटायचं. डोस वाढवला ते काकीला आधी कळलं. झोप लागते ते काकीला. पावडर देणारा गोदामातला जुना माणूस भेटला, तरी हा परत फिरला, तेही काकीलाच. मला आई सांगायची, आईला काकी. माझ्याच भावाची बातमी मला दोन चुली ओलांडून शिळी होऊन मिळायची. घरात मी विचारलं, "कसं चाललंय?" की उत्तर, "हूं." काकीच्या ओट्यावर मात्र तिने भाजलेले सुके बोंबील खाताना त्याचं हसू ऐकू यायचं. सुके बोंबील आमच्याकडेही होते हो.

भानगड झाली ती गावाच्या चांगुलपणामुळे. काकी आता जगत नाही, या खात्रीने बायका पेज आणून देऊ लागल्या. महिला मंडळाने ठरवलं, एकट्या नरेशवर भार नको, पाळीपाळीने नेऊ. पाटलांनी तर नवी गाडी दारात आणून उभी केली. मागचं दार उघडून स्वतः उभे. मी खिडकीतून बघत होतो. काकी गाडीत बसली की नरेशला जायला कारण उरत नव्हतं, आणि कारणाशिवाय तो जाणार नव्हता.

काकीने गाडीला नमस्कार केला. "पाटील, तुमची गाडी देवाची. पन बंद गाडीत मना ओकारी होते. शीटवर झाली तर वास जायचा नाय."

पाटलांनी दार लावून घेतलं.

"आनि नऱ्यासारके खड्डे कोन चुकवीत नाय," ती बाईकवर बसत म्हणाली. त्याला बाईक मी शिकवली होती. पोरगा वाचला याचा आनंद व्हायच्या आधी मला हे आठवलं, काय करणार.

शेवटी मी रजा टाकली आणि त्यांच्या मागोमाग इस्पितळात गेलो. नरेश आत डॉक्टरांकडे होता. काकी तिच्या रुंद बाकड्यावर एकटीच बसली होती. पिशवी मांडीवर, पाय खाली टेकलेले, आणि आश्चर्य म्हणजे कोणालाही काहीही सांगत नव्हती. मी शेजारी बसलो आणि जे वर्षभर साचलं होतं ते बोललो. "काकी, तुला सगळं सांगतो तो. माझ्याशी धड बोलत नाही. मी काय त्याचा वैरी आहे?"

"तू त्याचा कोन?"

"भाऊ."

"आनि मी कोन?"

उत्तर तिनेच दिलं. "कोन नाय. म्हनून सांगतो. तुज्यासमोर त्याला मान खाली घालावी लागंल, त्याची भीती वाटते त्याला. माज्यासमोर कसली भीती? मी काय त्याला घरातून काडनार, का रडनार?" ती पिशवीची गाठ सोडवत, पुन्हा बांधत राहिली. "सगला गाव मना सगलं सांगतो, सुऱ्या. माज्यापासून काय लपवावं, असं आजवर कोनाला वाटलंच नाय. तू माज्यावर जलतोस, ते दिसतं मना. पन मी तुज्यावर किती जलते, ते तुला म्हाईत नाय."

आतलं दार उघडलं आणि नरेश बाहेर आला. ओठ मिटलेले, जिभेखाली गोळी. काकीकडे बघून त्याने डोळा मिचकावला. मग मी दिसलो आणि त्याची मान खाली गेली.

"बग," काकी हळूच म्हणाली, आणि तिने तोंड दुसरीकडे वळवलं.