आपण आफ्रिकेत उतरलो

“काल आपण घानात उतरलो,” भागूजी तात्या म्हणाले.

मंचरच्या बाजारात कांद्याच्या पिशव्यांना टेकून ते उभे होते. शेजारी उभे असलेले पाव्हणे नारायणगावचे, त्यांना तात्या नवीन. पाव्हण्यांनी तात्यांचं धोतर पाहिलं, चिखलानं भरलेल्या वहाणा पाहिल्या आणि अदबीनं विचारलं, “एकटंच गेला व्हता का?”

“मी कशाला जातोय? आपण गेलो. आपली कंपनी!”

पाव्हण्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी तात्यांचा शेजारी, त्यामुळं असं कुणी पाहिलं की खुलासा करायची सवय झालेली. आमच्या अवसरीत तात्यांच्या रानाचा एक कोपरा आहे, नुसता मुरूम. तिथं घाणेरीशिवाय काही उगवलं नाही. गावोगाव मोबाइल यायला लागले त्या दिवसांत एका कंपनीची जीप आली, माणसांनी कोपरा मोजला आणि बघता बघता तिथं टॉवर उभा राहिला. कंपनीच्या लेखी तात्या जागेचे मालक. तात्यांच्या लेखी ते कंपनीचे भागीदार, आणि तेही थोरले.

दसऱ्याला टॉवरला झेंडूचं तोरण. जनरेटर धापा टाकायला लागला की तात्या त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणत, “दमानं घे, राव.” वरच्या तबकडीवर कावळा बसला तर खालून ओरडत, “ए, कुणाचं तरी बोलणं चाललंय तिथं!” गावात कुणाचा फोन मधेच तुटला की माणूस तणतणत तात्यांच्या दारात यायचा. तात्या शांतपणे ऐकून घेत, टॉवरकडं मान वर करून बघत आणि म्हणत, “वर कळवतो.”

खरी पंचाईत जावयाची होती. तात्यांची बायको मागंच वारलेली, एकुलती एक लेक मंगल घोडेगावला दिलेली. तिच्या नवऱ्यानं भाबडेपणानं दुसऱ्याच कंपनीचं कार्ड घेतलं. दिवाळीला आला, ओसरीवर बसला आणि त्याच्या खिशात फोन वाजला.

तात्यांनी कान टवकारले. “पावणं, कंचं कार्ड म्हणायचं हे?”

जावयानं नाव सांगितलं. तात्यांनी हातातलं लाडवाचं ताट मागं घेतलं.

“मामा, आमच्याकडं याचीच रेंज येते,” जावई म्हणाला.

“येऊ द्या की. पर आमच्या दारात दुश्मनाचं माणूस बोलवायचं न्हाई.”

शेवटी मंगलनं मधे पडून फोन गोठ्यात नेऊन ठेवला, तेव्हा कुठं लाडू पुढं सरकले. त्या दिवाळीत म्हशीशेजारी वैरणीत फोन वाजत राहिला आणि म्हैस त्याच्याकडं संशयानं बघत राहिली.

मग एक दिवस पेपरात आलं की कंपनी परदेशातल्या एका बड्या कंपनीनं विकत घेतली. माणसं आली, टॉवरखालच्या खोलीवरची जुनी पाटी काढली आणि वेगळ्या रंगाची, वेगळ्या नावाची लावली. तात्या जेवले नाहीत.

“मला एका शब्दानं इचारलं का?” एवढंच म्हणत बसले.

मी पेपर घेऊन गेलो. ही नवी कंपनी कुठंकुठं आहे ते वाचून दाखवलं. युरोप, आखात, आफ्रिकेतले कितीतरी देश. तात्या हळूहळू सरळ बसले.

“म्हंजे मोठ्या घरात सोयरीक झाली म्हण की!”

“तसंच म्हणायचं.”

“मग पाटी बदलायचीच. लगीन झाल्याव नाव बदलतंय.”

त्याच संध्याकाळी त्यांनी जगाचा नकाशा मागितला. मी पारगावच्या साखर कारखान्यात कारकून, तिथल्या दुकानातून आणून दिला. तो गोठ्याच्या भिंतीवर लागला. पेपरात नवा देश आला की तात्या त्याच्यावर कुंकवाचं बोट टेकवत. आफ्रिका बघता बघता लाल झाली. एकदा डिंभ्याच्या धरणावरचा एक गडी मासळी विकायला आला आणि म्हणाला, “तात्या, धरणाकडं तुमच्या कंपनीची रेंजच न्हाई.” तात्यांनी त्याला गोठ्यात नेऊन नकाशा दाखवला. “आमी कामात हाय. आधी आफ्रिका उरकू दे.”

आणि एक दिवस खरोखरच आफ्रिका आली.

पुण्याच्या ऑफिसातून फोन आला. युगांडातले कंपनीचे एक इंजिनिअर भारतात आलेत, खेड्यातला टॉवर कसा चालतो ते बघायला अवसरीला येतील, दहा मिनिटं थांबतील. तात्यांनी शेवटचं वाक्य ऐकलंच नाही. बैलांची शिंगं रंगवली. टॉवरच्या पायाशी रांगोळी. मंगल स्वयंपाकाला आली. हलगीवाले सांगितले. गाव लोटलं.

जीपमधून उंचापुरा, काळासावळा, चष्मेवाला तरुण उतरला. नाव जोसेफ. हलगी कडाडली तसा तो आधी दचकला, मग हसला आणि मग चक्क खांदे उडवत तालात नाचत पुढं आला. गाव येडं झालं. तात्यांनी त्याला फेटा बांधला आणि माझ्या कानात म्हणाले, “सोयरं तालावर हाय.”

पुण्याचे साहेब घड्याळ बघत होते. “आम्हाला निघावं लागेल.”

“तुमी निघा,” तात्या म्हणाले. “जोसेफराव जेवून येतील.”

साहेबही जेवायला बसले.

मासवडी आणि बाजरीची भाकरी होती. हा काय पदार्थ, असं जोसेफनं विचारलं. मी माझ्या मोडक्या इंग्रजीत नावाची फोड करून सांगितली. त्याला वाटलं मासाच आहे. बेसनाच्या वडीत तो बराच वेळ काटा शोधत राहिला. मंगल तोंडाला पदर लावून आत पळाली.

“तिकडं आपलं कसं चाललंय?” तात्यांनी मुद्द्याला हात घातला.

मी विचारलं. जोसेफ मनापासून सांगू लागला. टॉवर डोंगरावर आहेत, वीज जाते, बकऱ्या कुंपणात शिरतात, रात्री कुणीतरी जनरेटरमधलं डिझेल काढून नेतं.

मी मराठीत सांगितलं. तात्यांचा चेहरा उजळला. “डिझेल तिकडं बी चोरत्यात? आपलीच माणसं की, राव!”

जोसेफला हे कळलं तेव्हा त्याला हसून हसून ठसका लागला. पाणी पिऊन त्यानं सांगितलं की एक टॉवर त्याच्या आईच्या गावाजवळही आहे. वडील वारले, आई एकटीच असते. तो शहरात, महिनोन् महिने जाणं होत नाही. पण आता फोन लागतो.

“मग लाव की!” तात्या म्हणाले.

जोसेफनं तिथंच लावला. त्यांच्या भाषेत काहीतरी बोलला, आणि तात्यांनी हात पुढं केला. त्यानं फोन दिला.

“आई, रामराम!” तात्या टॉवरच्या टोकापर्यंत जाईल अशा आवाजात ओरडले. “मी अवसरीचा भागूजी! तुमचं पोरगं जेवलं बरं का! काळजी करू नका! जरा रोड हाय, खायला घाला!”

पलीकडून म्हातारीचं खळखळून हसणं आम्हा सगळ्यांना ऐकू आलं. मग ती बरंच काही बोलली. तात्या “व्हय, व्हय” म्हणत राहिले.

जीप गेली. जाताना जोसेफनं तात्यांचा नंबर घेतला होता. काही दिवसांनी तात्या धावत आले, “आईचा फोन आलाय!” त्यानंतर तो अधूनमधून येऊ लागला. ती तिच्या भाषेत बोलायची, तात्या मराठीत. कांद्याला भाव नाही, म्हैस व्याली, मंगलला पोर झालं. दोघं एकमेकांना जोरजोरात सांगत आणि हसत. गावाला मोठी मौज वाटायची. मलाही.

उन्हाळ्यात एकदा मी कारखान्यातून घरी येत होतो. उन्हं कलली होती. तात्या विहिरीच्या कठड्यावर फोन कानाला लावून बसले होते. गप्प. तात्यांना फोनवर गप्प मी पहिल्यांदा पाहिलं. जवळ गेलो. फोनमधून म्हातारीचं रडणं येत होतं. आवाज न चढवता, थांबून थांबून. तात्या मधेच हळू म्हणायचे, “हाय मी. हाय.”

बऱ्याच वेळानं फोन बंद झाला.

“काय झालं?”

“काय की. कळलं न्हाई.” त्यांनी फोन माझ्या हातात दिला. “जोसेफरावाला लाव.”

मी लावला. जोसेफला सांगितलं. तो घोटाळला. मग म्हणाला, वडिलांना जाऊन आज वर्ष झालं. कामाच्या गडबडीत त्याला जायला जमलं नव्हतं. तात्यांना तिनं हे सांगितलं का, असं त्यानं विचारलं.

मी तात्यांना मराठीत सांगितलं. तात्या विहिरीत बघत राहिले.

“त्याला म्हणावं, जाऊन ये. फोन लागतोय म्हणून जायचं न्हाई, असं न्हाई.”

मी सांगितलं. जोसेफ म्हणाला, उद्या निघतो.

मी फोन तात्यांना दिला आणि उठलो. घरी वाट बघत होते.

“चहा टाकतो,” तात्या म्हणाले. “बस जरा.”

चहा झाला. अंधार पडायला लागला. मी पुन्हा उठलो. तात्यांनी रिकामी कपबशी माझ्या हातातून घेतली, पण बाजूला ठेवली नाही.

“अजून घोटभर टाकू का?” त्यांनी विचारलं.

मी बसलो.