यानम कुणाचं?

पागेकाकांकडे नळ दुरुस्त करायला आलेल्या माणसाला त्यांनी दारातच अडवलं होतं. "पहले बताओ, यानम किसका?"

तो बिचारा घाबरला. "बाबूजी, जिसका भी हो, मैंने नहीं लिया."

मग नळ गळत राहिला आणि काका त्याला समजावत राहिले, की यानम हे गाव आंध्रच्या पोटात, पण कारभार पुदुच्चेरीचा!

उज्जैनच्या नानाखेड्याला आमच्या शेजारीच राहतात ते. सगळी नोकरी टपालखात्यात, पत्रांची वर्गवारी करण्यात गेली. देशातली गावंच्या गावं हाताखालून गेली, स्वतः मात्र फारसे कुठे गेले नाहीत. माझ्या ताईला बघायला पाहुणे आले, तेव्हा 'सहज' डोकावले. मुलाला अरुणाचलची राजधानी विचारली. त्यानं गुवाहाटी सांगितली. काका स्वयंपाकघरात येऊन आईला म्हणाले, "वहिनी, लडका फेल आहे." उत्तर अडलं तर ते कुणाला एक अक्षर सुचवत नाहीत. "सोचके बोल. घाई नाही."

गेल्या महिन्यात माईकाकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, न्हाणीघरात पाय घसरून पडल्या. डोकं आपटलं. मीच दोघांना ऑटोत घालून दवाखान्यात नेलं. वाटेत काकांनी ऑटोवाल्याला काहीही विचारलं नाही, तेव्हा मला खरी भीती वाटली.

डॉक्टर तरुण होता. काकूंवर वाकून म्हणाला, "माँजी, ये कौन सा शहर है?"

काकू नुसत्या छताकडे बघत होत्या.

"माँजी, शहर का नाम?"

"उज्जैन!" काका मागून ओरडले. "अगं, सांग ना! सोपं आहे! उ... उज्..."

"अंकल, आप मत बताइए."

काकांनी स्वतःच्या तोंडावर हात धरला. डोळे भरून आले होते.

काकूंनी सावकाश मान वळवली. "उज्जैन," त्या म्हणाल्या. "आणि यांना बाहेर बसवा हो, बीपी वाढेल यांचं."

काका भिंतीला टेकून खालीच बसले. हसत होते की रडत होते, कळेना. तपासण्या झाल्या, आत काही दुखापत नव्हती. दोन दिवसांनी घरी सोडलं.

घरी आल्यावर मी चहा केला. काका काकूंच्या उशाशी बसले होते. बराच वेळ घुटमळून म्हणाले, "काय गं, तुला कुठं जावंसं वाटतं का? काश्मीर, कन्याकुमारी... कुठंही."

"देवासला," काकू लगेच म्हणाल्या. "शालूकडे. सहा वर्षं झाली तिला बघून."

शालू म्हणजे त्यांची धाकटी बहीण. देवास म्हणजे तासाभराचा रस्ता.

काकांनी काकूंचं पांघरूण नीट केलं, उगाच पुन्हा नीट केलं. मी निघालो तर माझ्यामागे फाटकापर्यंत आले आणि आवाज खाली आणून म्हणाले,

"अरे, ती देवासची बस... आपल्या नानाखेड्याहून मिळते, की देवास गेटच्या स्टँडला जावं लागतं?"