कातेलबाईंच्या राण्या

सुनेची रोपं उपटून टाकली तेव्हा कातेलबाईंना घर झाडून घेतल्यासारखं वाटलं.

समुद्रकाठच्या सगळ्या प्लुगास्तेल गावात त्यांच्या स्ट्रॉबेऱ्यांचा तोरा होता. जहाजातून चिलीहून आलेली जात. फळ फिकट, पण अंड्याएवढं. धरायचं मोजकंच. बाई म्हणायच्या, "राण्या आहेत त्या, शेळ्या नव्हेत."

मग सून लोएझा आली आणि तिने माहेरची बोराएवढी लालभडक जात राण्यांच्या मधोमध लावली. त्या उन्हाळ्यात राण्यांनी टोपल्या भरून दिल्या, डागी फळं तर उकिरड्यावर फेकावी लागली. श्रेय बाईंनी समुद्रातल्या शेवाळाच्या खताला दिलं आणि सुनेची रोपं, सोबत बांधावरची रानटी स्ट्रॉबेरीही, मुळासकट काढली. "माझ्या राण्यांत या मोलकरणी कशाला?"

वर विहीणबाई सोआझना निरोप, "पुढच्या जत्रेला या. खरी स्ट्रॉबेरी खाऊ घालते. तुमच्या त्या लेंड्या आणू नका."

वसंतात राण्या फुलांनी लगडल्या. फळ मात्र एक नाही. बाईंनी शेवाळ दुप्पट घातलं. शेजारणीची नजर लागली म्हणून तिच्याशी भांडल्या. पाद्रीबाबांना बोलावून तीर्थ शिंपडून घेतलं. ते कमी वाटलं म्हणून बादलीच ओतली. अर्धा वाफा कुजला.

"सासूबाई," लोएझा शेवटी म्हणाली, "तुमच्या या सगळ्या बायकाच आहेत. नवरे माझ्या रोपांत होते. ते तुम्ही उपटलेत."

"नवऱ्यावाचून माझं इतकी वर्षं काही अडलं?"

"तोवर तुमचा मुलगा झाला होता."

बाईंनी बादली उचलली आणि काढता पाय घेतला. हे घरात पहिल्यांदाच घडलं.

जत्रेच्या सकाळी विहीणबाई हजर. रिकामी टोपली बघून त्यांच्या गालाला खळी पडली. "असू दे हो. घावनांबरोबर लोणी खाऊ."

आता निदान कोंबडी तरी कापावी म्हणून बाई कोंबडीमागे धावल्या. कोंबडी उकिरड्यामागे शिरली आणि बाहेर आली ती लाल चोच घेऊन. बाईंना वाटलं, जखम झाली. वाकून बघतात तर गेल्या साली फेकलेल्या फळांच्या बियांतून रोपं उगवलेली, आणि त्यांना लगडलेली अंड्याएवढी, लालभडक, घमघमणारी फळं.

बाईंनी पदर सावरावा तसा एप्रन सावरला, फळं भरली आणि विहिणीपुढे ओतली.

सोआझबाईंनी एक तोंडात टाकलं. डोळे मिटले. "वास तर आमच्या घरचा!"

"आधी आकार बघा."

"रंग कुणाचा?"

"अंग कुणाचं?"

"पुरे!" लोएझा पोटावर हात ठेवून म्हणाली. "नाताळाच्या सुमारास आणखी एक येतंय. त्याचीही अशीच वाटणी करणार आहात का?"

दोघी विहिणी फळ तोंडात धरून थांबल्या. आधी कातेलबाईंनी गिळलं. मग सगळ्यात मोठं फळ निवडून त्यांनी सुनेच्या हातात दिलं.

"रंगरूप घ्या तुमचं," त्या विहिणीला म्हणाल्या. "जीभ मात्र माझी पाहिजे."