ग्राउपनरोडेच्या मनोऱ्याची सावली

ग्राउपनरोडे हे जर्मनीतलं लहानसं गाव जुन्या जिल्ह्यातून काढून नव्या जिल्ह्यात घातलं गेलं, तेव्हा सगळं गाव मुकाट्यानं गेलं. फक्त चर्चच्या मनोऱ्याची सावली गेली नाही. पुढे तो जुना जिल्हाच मोडीत निघाला. त्याची गावं, रस्ते, ओढे इतरांनी वाटून घेतले आणि त्याच्याकडे उरली ती एवढी सावली. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, त्यातली गत. ऊन असलं की जिल्हा असतो आणि ढग आले की नसतो, एवढं ध्यानात ठेवलं की गावकऱ्यांचं काही अडत नसे. कुत्र्याचा परवाना तेवढा सावलीत चालत नसे.

गेर्लिंडे ब्युटनर या म्हातारीला मात्र ती सावली म्हणजे जीव की प्राण होती. तिचा नवरा एमिल मागे शहरातल्या इस्पितळात वारला. इस्पितळ नव्या जिल्ह्यात, त्यामुळे तो वारला तोही नव्या जिल्ह्यातच. जुन्या जिल्ह्याला कुणी कळवलं नाही. कळवायला तिथं कचेरी तरी कुठे होती? म्हणून दुपारी कॉफीच्या सुमारास सावली बेकरीच्या भिंतीलगतच्या बाकावर आली, की एमिल तिथं बसलेला असे. गेर्लिंडे शेजारी बसून त्याला आलुबुखाराचा केक देई. साखर कमी आहे, असं तो रोज म्हणे. सावली सरकली की तो नसे.

"अरे, जरा सावलीबरोबर पुढे चल की," ती कितीदा तरी म्हणाली होती. "ओढ्यापर्यंत जाऊ. तेवढाच वेळ मिळेल."

"कारण नसताना हिंडणारा माणूस मी नव्हे," एमिल म्हणे. जिवंतपणीही तो असाच होता, आणि जुन्या जिल्ह्याच्या दृष्टीनं ते अजून चालूच होतं.

अशात नव्या जिल्ह्यानं क्वास्ट नावाचे अधिकारी पाठवले. माणूस तरतरीत, बूट चकचकीत. गावप्रमुख विगबर्ट त्यांना मनोऱ्याखाली घेऊन आला. गेर्लिंडे केकची ताटली घेऊन बाकाकडे निघाली होती, ती थांबली.

"आमच्या नकाशावर तुमच्या गावात रोज एक भोक फिरतं," क्वास्ट म्हणाले.

"फिरतं खरं," विगबर्ट म्हणाला. "पण चावत नाही कुणाला."

"तरी ते बुजवावं लागेल. सावली आम्ही ताब्यात घेतोय."

गेर्लिंडे पुढे झाली. "मग माझ्या एमिलचं काय?"

क्वास्ट काही दुष्ट नव्हते. त्यांनी नीट विचार केला. "नव्या जिल्ह्यात ते वारलेले आहेत, फ्राऊ ब्युटनर."

"ठाऊक आहे. मी होते जवळ."

"मग सावलीतही त्यांना वारलेलंच राहावं लागेल. एका जिल्ह्यात दोन प्रकार चालत नाहीत."

यात चूक काढण्यासारखं काही नव्हतं आणि त्याचंच गेर्लिंडेला रडू आलं. एकदा पुरलेल्या माणसाला पुन्हा पुरायचं, तेही केक न खाऊ घालता. तिनं जाऊन ताटली अजून उन्हात असलेल्या बाकावर ठेवली आणि पदर नसल्यामुळे बाहीनंच डोळे पुसले.

पण हद्द बदलायची ती रीतीनंच, हे क्वास्टनाही मान्य होतं. त्या भागात हद्द कागदावर बदलत नाही, चालून बदलते. जिथून निघायचं तिथं दगड ठेवायचा, गावानं हद्दीवरून चालत सुटायचं आणि त्याच दगडाशी परत यायचं. सर्वांत वयस्क माणूस पुढे. त्याच्यापुढे कुणी जायचं नाही. पाहुण्याला उचलून दगडावर तीनदा आपटायचं, म्हणजे हद्द त्याच्या लक्षात राहते. मनोऱ्याच्या टोकावरच्या पत्र्याच्या कोंबड्याची सावली जिथं पडली होती तिथं विगबर्टनं दगड ठेवला आणि गावानं क्वास्टना तीनदा मनापासून आपटलं.

"अंडं उकडेपर्यंत आपली फेरी होईल," क्वास्ट कंबर चोळत म्हणाले. "तेवढ्यात सावली कितीशी सरकणार?"

हिशेब बरोबर होता. सर्वांत वयस्क म्हणून गेर्लिंडे पुढे झाली. पाय ओढावेत, दोनदा बसावं, असं तिच्या मनात येऊन गेलं. पण आयुष्यात तिनं कुणाला खोटं लंगडून दाखवलं नव्हतं, आणि आता ते जमेना. ती चालू लागली आणि सावलीच्या कडेकडेनं बेकरीशी पोचली. बाकावर एमिल केक खात बसला होता.

"साखर कमी आहे," तो म्हणाला. मग मागची रांग पाहून त्याच्या कपाळाला आठी पडली. "हद्द चालताय? आणि पुढे तू? माझ्याहून मोठी कधी झालीस गं?"

रांग थांबली. एमिल तिच्याहून तीन वर्षांनी मोठा होता, आणि मेलेला नसल्यामुळे अजूनही तेवढाच मोठा होता. विगबर्टनं क्वास्टकडे पाहिलं.

"सावली अजून त्यांच्याच जिल्ह्यात आहे," क्वास्ट सावकाश म्हणाले. "त्यांचा मान नाकारता येणार नाही."

"मग कारण आहे म्हणायचं," एमिल म्हणाला, आणि गुडघ्यावर हात टेकून उठला.

तो गुडघा सगळ्या गावाला माहीत होता. एमिल सावलीच्या आतून चालला, गेर्लिंडे त्याचा दंड धरून बाहेरून, मागे सगळं गाव. चार पावलं झाली की एमिल थांबे आणि कुणाच्या तरी छपराबद्दल बोले. ते परतले तेव्हा दगड स्वच्छ उन्हात पडला होता; हद्द त्याला सोडून पुढे सरकली होती, म्हणजे फेरी काही जुळली नाही. क्वास्टनी दगड नव्या जागी ठेवायला सांगितला. रीतीप्रमाणे त्यांना पुन्हा आपटलं आणि सगळे पुन्हा निघाले. सावली लांबत गेली. ती ओढा ओलांडून बटाट्याच्या शेतात शिरली आणि तिच्याबरोबर एमिल आणि गेर्लिंडेही. इतका वेळ दोघं बऱ्याच वर्षांत चालली नव्हती. ती बोलत होती, हसत होती, आणि मध्येच रडूही घेत होती.

सूर्य मावळला तेव्हा तिच्या हातात दंड उरला नाही. रात्रीचा अंधार ही पृथ्वीची सावली. ते खातं वेगळं.

"काम अपुरं राहिलं," शेताच्या बांधावर बसत क्वास्ट म्हणाले. "पूर्ण होईस्तोवर सावली त्यांचीच. रोज चालावं लागेल. उद्या ऊन असेल का?"

"असेल," गेर्लिंडे म्हणाली.

घरी जाऊन तिनं माळ्यावरून एमिलचे चालायचे बूट काढले, तेल लावून मऊ केले आणि सकाळी बाकाखाली ठेवून आली. केकमध्ये साखर मात्र तेवढीच घातली.