माईंच्या सवतीची गळती

दुसऱ्याला द्यायची वस्तू धड करून द्यावी, असा एक सद्विचार अप्पांच्या मनात आला आणि त्यापायी घरातली सगळी जुनी वर्तमानपत्रं संपली, दोन बनियन कायमचे बाद झाले आणि घरातलं खायचं तेल महिना संपायच्या आत तळाला गेलं. सद्विचार माणसानं बेतानंच करावेत.

वस्तू म्हणजे गाडी. उंच, चौकोनी, चारी चाकांनी चढ चढणारी जुनी फोर-व्हील ड्राइव्ह. अप्पा पाणीपुरवठा कचेरीत हेडक्लार्क. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी ते कपाट आणायला म्हणून घरातून निघाले, वाटेत एका खाणीच्या जुन्या सामानाचा लिलाव लागला आणि संध्याकाळी ही गाडी घेऊन घरी आले. (कपाट अजून यायचं आहे.) माई दारात आल्या, त्यांनी गाडी वरपासून खालपर्यंत पाहिली आणि म्हणाल्या, "सवत आणलीत होय?" तेव्हापासून गाडीचं नाव सवत.

"त्या सवतीला विका, नाहीतर मला माहेरी पोचवा," असं माई महिन्यातून एकदा तरी म्हणत.

"पोचवतो की," अप्पा म्हणत, "पण तिच्यातूनच जावं लागेल."

अशी तीस वर्षं गेली. लेक याच गाडीच्या मागच्या सीटवर उभी राहायला शिकली, याच गाडीच्या टपावर सामान बांधून सासरी गेली. आता घरात माणसं दोन आणि सवत तिसरी. तिला म्हातारपणी गळतीची खोड लागली होती. इंजिनाचं तेल फार तापू नये म्हणून पुढे एक लहानशी जाळी असते. एका पाईपनं तेल तिथे जातं आणि गार होऊन दुसऱ्या पाईपनं परत येतं. सवतीचं तेल जायचं नेमानं, पण सगळंच परत यायचं असं नव्हतं. पाईपांचं रबर चिरलं होतं. म्हणून गाडीखाली कायम एक घमेलं असे. ते माईंनी बागकामासाठी आणलं होतं, हे त्या विसरल्या नव्हत्या आणि अप्पांनाही विसरू देत नव्हत्या.

अशात एक दिवस कोपऱ्यावरचा दाताचा डॉक्टर गाडी विकत मागायला आला. तरुण होता, जुन्या गाड्यांचा शौकीन होता. त्यानं खिशातली छोटी बॅटरी काढली, सवतीचं तोंड उघडलं आणि बराच वेळ आत डोकावून पाहिलं.

"काका, बाकी सगळं मजबूत आहे. पुढचे दोन तेवढे गेलेत. काढावे लागतील."

"दोन काय?" अप्पा घाबरून म्हणाले.

"पाईप हो. माझ्याकडे खाली पांढरी फरशी आहे, डाग चालायचा नाही. गळणं थांबलं तर येत्या रविवारी घेऊन जातो."

अप्पांना नाही म्हणायचं होतं. शब्द ओठांवर आला होता. पण मागे दारात माई उभ्या होत्या आणि त्यांची तीस वर्षांची मागणी अप्पांच्या कानात वाजत होती. या बाईनं आपल्याजवळ दुसरं काय मागितलं? (कपाट सोडून.) जन्मात एकदा तरी बायकोच्या मनासारखं करावं, असं वाटून ते म्हणाले, "या रविवारी."

"ऐकलंस ना? देऊन टाकतोय," आत येऊन ते माईंना म्हणाले.

माई कणीक मळत होत्या. "बरं," एवढंच म्हणाल्या.

माणसानं काळजाचा तुकडा काढून द्यावा आणि समोरच्यानं नुसतं 'बरं' म्हणावं, याचं अप्पांना वाईट वाटलं. निदान थोडं हसायचं तरी!

पाईप आपल्याच हातानं बदलायचे, हे मात्र त्यांनी ठरवून टाकलं. शेवटची सेवा दुसऱ्याकडून कशी करून घ्यायची? दुसऱ्या दिवशी रजा टाकून ते गाडीखाली शिरले. पाईपाचा पहिला नट वीस मिनिटं हलेना. मग हलला, तो असा, की जाळीत साठलेलं सगळं तेल मनगटावरून कोपरापर्यंत आणि कोपरावरून थेट काखेत उतरलं.

"चिंधी!" अप्पा खालून ओरडले.

चिंधी आधीच हातात आली.

"आता जरा तो पाना दे, तो... मोठ्याहून लहान, पण लहानाहून..."

"बावीसचा," माई वरून म्हणाल्या आणि तोही हातात आला. घरात हत्यारांचा जाणकार नक्की कोण, असा प्रश्न अप्पांना चाटून गेला, पण गाडीखाली पडून असल्या प्रश्नांच्या नादी लागू नये, तेल तोंडात जातं.

जुने पाईप काखोटीला मारून ते पाईपवाल्याकडे गेले. त्यानं तसेच नवे बनवून दिले आणि कागदाच्या पुडीत दोन रबरी रिंगा बांधून दिल्या. "सांध्यात याच घाला. जुन्या परत घातल्या तर परत गळेल."

"मला सांगता?" अप्पा म्हणाले. घरी येताच, हरवू नये म्हणून त्यांनी पुडी जपून ठेवली आणि बाह्या सरसावून गाडीखाली गेले. उन्हं उतरेपर्यंत पाईप बसले. नवं तेल ओतलं. मधासारखं सोनेरी. घमेलं मागच्या दारी नेऊन पालथं घातलं आणि गाडीखाली स्वच्छ वर्तमानपत्र अंथरलं. इतक्या वर्षांनी त्या जागी घमेलं नाही, हे बघून त्यांना उगाच भरून आलं.

सकाळी पाहतात तो कागदावर रुपयाएवढा सोनेरी डाग. आणि डागाभोवती मुंग्या.

"अगं, गळतंय!"

"अग बाई," माई म्हणाल्या. "आणि मुंग्या कशा हो तेलाला?"

"नवं तेल आहे ते. उंची प्रतीचं," अप्पांनी खुलासा केला. "मुंग्यांनासुद्धा कळतं." आणि ते नट आवळायला खाली शिरले.

पुढच्या सकाळी पुन्हा डाग, पुन्हा मुंग्या. अप्पांनी पुन्हा नट आवळले. कचेरीत ते टेबलाखाली बघू लागले. शिपायानं चहा आणला तर कपाखालची बशी उचलून आधी तिचा तळ पाहिला.

उभ्या गाडीचं काही कळत नाही, जरा फिरवून आणावी, असं म्हणून संध्याकाळी त्यांनी माईंना बरोबर घेतलं. माई नेहमीप्रमाणे कुरकुरत चढल्या. माईंच्या बाजूचं दार पहिल्यापासून धड लागत नसे. उजव्या वळणावर हमखास उघडायचं. म्हणून वळण आलं की माईंनी अप्पांच्या शर्टाची बाही घट्ट धरायची, असा रिवाज होता. लग्न झालं तेव्हा चारचौघांत नवरा-बायकोनं एकमेकांना हात लावायची सोय नव्हती. पण दारच उघडत असेल तर कोण काय बोलणार? अप्पांच्या सगळ्या शर्टांची डावी बाही उजवीपेक्षा थोडी लांब झाली होती.

बाजारापाशी वळण आलं. बाही धरली गेली. वळण संपलं, पण बाही सुटली नाही.

"डॉक्टरला दाराचं सांगायला हवं," अप्पा घसा साफ करत म्हणाले. "खटका कुठे मिळत नाही म्हणून."

माईंनी बाही सोडली. "सांगा," त्या म्हणाल्या आणि घर येईपर्यंत बाहेर बघत बसल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी डाग होताच, पण मुंग्या नव्हत्या. अप्पांना एवढाही आधार पुरला. "उतार पडतोय बघ! मुंग्या गेल्या!" डाग मात्र बशीएवढा झाला होता. त्याच्या पुढच्या दिवशी तो ताटाएवढा झाला आणि अप्पांनी उताराची भाषा सोडून दिली.

रविवारी डॉक्टर आला. गुडघ्यांवर बसला, कागदावर बोट फिरवलं, वास घेतला आणि मान हलवली. "काका, मुळातच काहीतरी राहिलंय."

"आणखी आठ दिवस द्या," अप्पा म्हणाले. त्यांचा आवाज त्यांनाच ओळखू येईना. गाडी जायची म्हणून रडू येत होतं आणि दुरुस्ती फसली म्हणून लाज वाटत होती. दोन्ही एकदम आल्यामुळे चेहरा कसा करावा हे कळत नव्हतं.

"आठ दिवसही नकोत आणि काही नको," दारातून माई म्हणाल्या. "गाडी विकायची नाहीये."

डॉक्टरनं एकदा काकांकडे पाहिलं, एकदा काकूंकडे पाहिलं आणि बॅटरी खिशात घालून, नमस्कार करून तो निघून गेला. दातांच्या धंद्यात माणसं ऐन वेळी खुर्चीतून उठून जातात, त्याची सवय असावी.

"अगं, पण तूच तर विका म्हणत होतीस!"

"तीस वर्षं काय काय म्हणत आले. ऐकलंत कधी? नेमकं हेच ऐकाल हे मला काय स्वप्न पडलं होतं?"

अप्पा पायरीवर बसले.

"तो डाग मीच पाडला," माई म्हणाल्या. "पहाटे उठून वाटीभर तेल ओतून आले."

"इंजिनाचं?"

"खायचं. त्याशिवाय मुंग्या येतात होय?"

अप्पांना उंची प्रतीचं तेल आठवलं आणि ते पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिले. मग एकदम म्हणाले, "मलाही द्यायची नव्हती गं."

"माहीत आहे. तोंडानं सांगावं माणसानं. आणि मीही सांगायला हवं होतं. ही गाडी गेली तर मी वळणावर काय धरू?"  मग त्या तरातरा आत गेल्या, अप्पांच्या टेबलाचा ड्रॉवर उघडल्याचा आवाज आला आणि त्या मूठ झाकून बाहेर आल्या. "खटका कुठे मिळत नाही ना?"

मुठीत दाराचा खटका होता. नवाकोरा, आता जरा गंजलेला. अप्पांनी तो गाडी घेतल्याच्या वर्षीच आणला होता आणि एका उजव्या वळणानंतर ड्रॉवरच्या तळाशी सरकवून दिला होता.

"तुला केव्हापासून माहीत आहे?"

"त्याच वर्षी दिवाळीची साफसफाई केली तेव्हापासून. मी कधी काही बोलले?"

दोघंही हसले. सवतही हसली असती, पण तिला जमत नाही. अप्पांना वाटलं, इतकं सुख झालं म्हणजे संसारात अजून काय हवं. शिवाय दुरुस्ती फसली नव्हती! डाग बायकोचा होता, पाईप आपले पक्के होते. ते ताठ उभे राहिले.

"म्हणजे हा ताटाएवढासुद्धा तूच..."

"छे हो," माई म्हणाल्या. "मी ओतलं दोनच दिवस. फिरून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी वाटी घेऊन गेले, तर डाग माझ्याआधी हजर. म्हटलं, हे एकटेच समर्थ आहेत, आपलं तेल कशाला घालवा?" आणि त्यांनी दुसरी मूठ उघडली. "हे खटक्याशेजारीच होतं. कुणाचं हो?"

कागदाची पुडी होती. आत दोन रबरी रिंगा, जशा बांधल्या तशा.

गाडीखाली कागदावर टप्प असा आवाज झाला.

"रिंगा बसवा," माई म्हणाल्या. "खटक्याची घाई नाही."

"पुढच्या रविवारी नक्की," अप्पा म्हणाले. मग मागच्या दारी जाऊन त्यांनी घमेलं परत आणलं, आणि तोवर हरवू नये म्हणून पुडी जपून ड्रॉवरमध्ये ठेवली.